बाकूत पियानोवरची मींड

मंगळवार

अझरबैजानच्या बाकूला जाणारी आपली माणसं बहुतेक त्या ज्वाळांच्या आकाराच्या तीन मनोऱ्यांसमोर फोटो काढायला, चिखलाचे ज्वालामुखी बघायला, नाहीतर बर्फात खेळायला जातात. मी गेलो पियानो ऐकायला. विमानात शेजारी नाशिकचे एक गृहस्थ होते. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे घ्यायचाय का तुम्हाला?" त्यांचंही चुकलं नाही. अझरबैजान आणि जॅझ ही जोडी आपल्याकडे कुणाच्या कानावरच आलेली नसते.

माझ्याही नव्हती. मी मिरजेचा. बँकेतून निवृत्त झालो, आता भजनी मंडळात आणि अधूनमधून नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत पेटी धरतो. पेटीवाल्याला जन्मभर एकच टोमणा ऐकून घ्यावा लागतो: तुमच्या वाद्यात मींड नाही. गळा आणि सारंगी एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जातात, पेटी पट्ट्यांवरून उड्या मारते. याच दोषापायी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर बसवलं आणि पुढची तीसेक वर्षं आत घेतलं नाही. त्यामुळे मध्यंतरी भाच्याने एक जुनं ध्वनिमुद्रण पाठवून खाली लिहिलं, "मामा, हा बघ पियानोवर मींड काढतोय," तेव्हा मी आधी हसलो. मग ऐकलं. मग पासपोर्ट शोधायला लागलो.

भाचा तिथे तेलविहिरींच्या कामावर इंजिनिअर आहे. विमानतळावर घ्यायला आला होता, घरी सामान टाकलं आणि संध्याकाळी त्याने थेट समुद्रावर नेलं. समुद्र म्हणायचं, खरं तर कॅस्पियन हे जगातलं सगळ्यात मोठं सरोवर. त्याची पातळी महासागरापेक्षा साधारण २८ मीटरनं खाली आहे, त्यामुळे बाकू ही जगातल्या राजधान्यांमधली सगळ्यात खालची. हवेत तेलाचा बारीक वास येतो. वारा मात्र असा की बोललेलं शेजारच्याला ऐकू जाईना. उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याला इथे 'खझरी' म्हणतात आणि माणसाबद्दल बोलावं तसं बोलतात: आज खझरी चिडलाय, उद्या निवळेल.

रात्री चहा. कमरेत चिमटलेल्या छोट्या काचेच्या पेल्यात, बिनदुधाचा, सोबत चेरीचा मुरंबा. साखर चहात घालायची नाही. मुरंबा तोंडात धरायचा आणि वरून चहा. मी दोन्ही केलं.

बुधवार

भाचा कामावर गेला, मी एकटाच इचेरी शहरात. तटबंदीच्या आतलं हे जुनं बाकू. शिरवानशाहांचा राजवाडा, समुद्राच्या अंगाचा तो जाडजूड 'कुमारी बुरूज', हे सगळं युनेस्कोच्या यादीत २००० साली गेलं. बघितलं, बघण्यासारखं आहे, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला पाहिजे होतं ते आतल्या एका बोळातलं घर.

वागिफ मुस्तफाजादे या जॅझ पियानोवादकाचं हे घर. भाच्याने पाठवलेलं ध्वनिमुद्रण याचंच. जन्म १६ मार्च १९४०, इथेच, जुन्या शहरात. आई पियानो शिकवायची. १९८९ मध्ये घराचं संग्रहालय झालं. खोल्या लहान आहेत. भिंतींवर छायाचित्रं, कार्यक्रमांच्या जाहिराती, काचेखाली रेकॉर्डी आणि पियानो. सांभाळायला असलेल्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं, मला रशियन येत नाही. मी छातीवर हात ठेवून "हिंदुस्तान" म्हटलं, मग हवेत पेटीचा भाता मारून दाखवला. त्यांना काय समजलं कोण जाणे, पण एक खुर्ची पुढे केली आणि रेकॉर्डिंग लावून दिलं. मी तासभर तिथून हललो नाही.

वागिफ वाढला तो काळ विचित्र. स्टालिनच्या शेवटच्या वर्षांत सोव्हिएत संघात जॅझ म्हणजे शत्रूचं संगीत. सॅक्सोफोन वाजवणं धोक्याचं होतं. लोकांनी वाट काढली ती रेडिओतून. १९५५ पासून व्हॉइस ऑफ अमेरिकावर विलिस कोनोवर रोज जॅझ लावायचा, सावकाश आणि स्वच्छ इंग्रजीत बोलायचा, आणि शॉर्टवेव्हच्या खरखरीत कान घालून अर्धा पूर्व युरोप ते ऐकायचा. बाकूतली पोरंही. नोटेशन नाही, गुरू नाही. आज ऐकलेली जागा उद्या सकाळी पियानोवर शोधायची. आपल्याकडे खांसाहेबांच्या तबकड्या झिजेपर्यंत ऐकून गाणं उचललेली माणसं होऊन गेली, त्यातलाच प्रकार.

पण पियानोच का? याला कारण तेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जगातलं निम्म्याच्या आसपास तेल एकट्या बाकूतून निघत होतं. पैसा आला, त्यामागून युरोपी इमारती, ऑपेरा आणि दिवाणखान्यातले पियानो आले. पुढे सोव्हिएत राजवटीत गल्लोगल्ली मुलांच्या संगीतशाळा निघाल्या. १९२१ मध्ये काँझर्वेटरी सुरू झाली. म्हणजे बाकूच्या मध्यमवर्गीय पोराला पियानो शाळेत मिळायचा आणि मुगाम घरात, लग्नात, शेजारच्या खिडकीतून. मुगाम हे इथलं शास्त्रीय गाणं. दोन्ही एकाच डोक्यात वर्षानुवर्षं शेजारी राहिले तर कधीतरी बोलायला लागणारच. वागिफच्या हातांत ते बोलायला लागले.

ऐकताना मी त्या बाईंसमोरच गुडघ्यावर बोटं चालवत होतो. उजवा हात सुरावर सरळ येत नाही. शेजारच्या पट्टीला निसटता स्पर्श करून येतो, आणि आल्यावरही तिथे स्वस्थ बसत नाही. वरच्या स्वराला दोन-तीनदा हात लावून परत खाली. आपण कण म्हणू, मुरकी म्हणू, खटका म्हणू. प्रत्येक गोष्ट पेटीत आहे. पण पेटीला भाता असतो, सूर हवा तेवढा धरून ठेवता येतो, फुगवता येतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. म्हणून हा माणूस एकच पट्टी बारीक बारीक ठोके देत जिवंत ठेवतो. पंडित शिवकुमार शर्मांनी संतूरवर आलाप उभा केला तो साधारण याच वाटेनं.

१९७८ मध्ये मोनॅकोच्या आंतरराष्ट्रीय जॅझ रचना स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. रचनेचं नाव 'अझिझाच्या प्रतीक्षेत'. अझिझा त्याची मुलगी, आज स्वतः मोठी पियानोवादक आणि गायिका. पुढच्याच वर्षी, १६ डिसेंबर १९७९ ला, ताश्कंदला कार्यक्रम झाला आणि त्यानंतर हृदयविकारानं गेला. वय ३९. अझिझाला दहावं वर्ष लागायला तीन दिवस होते... असं मी बाहेर येऊन बोटांवर मोजत होतो, तर भाचा फोनवर म्हणाला, "मामा, दहा पूर्ण व्हायला. एकोणसत्तरचा जन्म तिचा." इंजिनिअरपुढे हिशेब करू नये.

गुरुवार

सकाळी सुराखानीचं आतेशगाह. कोरोग्लू मेट्रो स्थानकापासून बसनं जाता येतं. पंचकोनी आवार, चारी बाजूंनी कोठड्या, मधोमध चौथऱ्यावर अग्नी. इथे जमिनीतून आपोआप वायू येऊन पेटायचा, म्हणून मुलतान-पंजाबकडचे व्यापारी आणि बैरागी अठराव्या शतकात येऊन राहिले. कोठड्यांच्या दारांवर शिलालेख आहेत. एकाची सुरुवात श्री गणेशाय नमः अशी, पुढे संवत १८०२, म्हणजे इसवी सन १७४५ च्या आसपास. कॅस्पियनच्या काठी देवनागरी वाचताना मोठ्यानं वाचली जाते, आवरत नाही. आसपासची तेलविहिरींची उपसाउपसी इतकी झाली की नैसर्गिक ज्वाळा १९६९ मध्ये विझली; आता जळतो तो नळानं आणलेला गॅस. गाईड मुलगी हे लपवत नाही, हे मला आवडलं.

दुपारी कुताब. पातळ पोळीत पालेभाजी भरून तव्यावर भाजतात, वरून आंबट सुमाकची पूड भुरभुरवतात. मांसाचेही मिळतात, पण पालेभाजीचा मागायला शिकलो की शाकाहारी माणसाची बाकूत उपासमार होत नाही.

संध्याकाळी समुद्रकाठच्या मुगाम केंद्रात गेलो. २००८ मध्ये उघडलेली ही इमारत 'तार' या वाद्याच्या आकारावरून बेतली आहे. दुसऱ्या दिवशी पियानो ऐकायचा तर आदल्या दिवशी मूळ ऐकून घ्यावं, हा माझा हट्ट. भाचा बिचारा कामावरून थकून आलेला, तरी आला.

मंचावर तिघं. गायकाला इथे खानंदे म्हणतात. तो हातात गावल धरतो, म्हणजे मोठी डफली. गाताना ती गालाजवळ आडवी धरतो, तालाचा भाग आला की वाजवतो. एका बाजूला तार, दुसऱ्या बाजूला कमांचा. कमांचा गजानं वाजतो, मांडीवर उभा धरून. तार मात्र मी कार्यक्रमानंतर जवळून बघून घेतला, वादकाने हातात दिला. आम्ही मिरजेचे, वाद्य हातात आलं की आधी उलटं करून बघतो. आठच्या आकड्यासारखा दुहेरी कटोरा तुतीच्या लाकडाचा, दांडा अक्रोडाचा, आणि तोंडावर ताणलेली बैलाच्या हृदयावरची पातळ त्वचा. अकरा तारा. एकोणिसाव्या शतकात शुशा गावच्या सादिगजानने तारा वाढवल्या आणि मांडीवरचं वाद्य छातीशी आणलं. छातीशी धरल्यानं वादक ते किंचित हलवू शकतो आणि सूर थरथरतो. दांड्यावर आतड्याचे पडदे बांधलेले असतात, ते सरकवता येतात, आणि पियानोत नसलेल्या जागांसाठी जास्तीचे पडदे असतात. हे ध्यानात ठेवा, उद्या लागेल.

गाणं कसं चालतं? आधी तालाविना विस्तार, खालच्या सप्तकातून पायरी पायरीनं वर. प्रत्येक पायरीला नाव, प्रत्येकीचा स्वतःचा न्यासस्वर, म्हणजे थांबायचा स्वर. दोन पायऱ्यांच्या मधे तालातला तुकडा: गाणं असेल तर तसनीफ, नुसतं वादन असेल तर रंग. आलाप आणि बंदिश एकमेकांत विणल्यासारखं. शब्द बहुतेक गझलांचे, सोळाव्या शतकातल्या फुझुलीच्या गझला अजून चालतात. मुख्य मुगाम सात: रास्त, शूर, सेगाह, शुश्तर, चहारगाह, बयाती-शिराज, हुमायून. त्या दिवशी चहारगाह होता. खानंदे वर पोचला आणि गळ्यातून ती थरथरती तान काढली तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "आफरीन!" मला परकं वाटलंच नाही.

शुक्रवार

दिवसभर काहीही केलं नाही. हे मुद्दाम सांगतो. रात्री गाणं असेल तर दिवसा पाय मोडू नयेत.

क्लब फाउंटन चौकाच्या मागच्या बाजूला, पायऱ्या उतरून तळघरात. नाव लिहीत नाही, कारण अशी दोन-चार ठिकाणं आहेत आणि वादक त्यांच्यात फिरत असतात. आज इथे, उद्या तिथे. छत कमानीचं, विटा उघड्या, टेबलं दाटीची. पुढच्या टेबलावर एक आजी आणि शाळकरी नात. पलीकडे भाच्याच्या ओळखीचे तेलवाले. कोपऱ्यात संगीतशाळेची पोरं एका चहावर चौघं. वेळ साडेनऊची सांगितली होती, दहाला सुरू झालं. मी भाच्याकडे बघितलं. "सांगलीचीच वेळ आहे मामा," तो म्हणाला.

पियानो, उभा बास, ड्रम. पियानोवर तिशीतला सडपातळ मुलगा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. पहिली चीज अमेरिकन, सगळ्या जगात वाजते ती, हात मोकळे करायला. सफाईदार होती. त्यासाठी इतक्या लांब आलो नव्हतो.

मग ड्रमवाल्याने काड्या खाली ठेवल्या. बासवाल्याने गज उचलला आणि एकच खोल स्वर ओढायला लागला. षड्ज मिळाला! पियानोवर डाव्या हाताने त्याच स्वराचं सप्तक धरलं आणि उजवा हात निघाला. सा. त्याला कोमल रिषभ टोचून परत सा. मग पुन्हा रिषभ, आणि तिथून एकदम शुद्ध गंधार.

"अरे, भैरव!" माझ्या तोंडून गेलं.

"चहारगाह आहे मामा. कालचाच."

आजीबाईंनी मागे वळून बघितलं, मी गप्प बसलो. पण कान ऐकेना. स्वर भैरवाचे, चाल नव्हे. भैरवात रिषभावर आंदोलन हवं, त्याला हळूहळू झुलवायचं असतं. हा तसा थांबतच नव्हता. रिषभाला चटका देऊन पळत होता, आणि थांबायचा तो भलत्याच ठिकाणी, जिथे आपल्याला अजून वाक्य पुरं झाल्यासारखं वाटत नाही. दोन-तीनदा असं झालं की माझा कानच त्याच्या बाजूला गेला आणि त्या ठिकाणी थांबणं बरोबर वाटायला लागलं.

आमचं टेबल पियानोच्या उजव्या अंगाला होतं, त्यामुळे बोटं दिसत होती. अंगठा एका पट्टीवर दाबून धरलेला. तर्जनी आणि मधलं बोट शेजारच्या दोन पट्ट्यांवर इतक्या जलद आळीपाळीनं पडत होती की दोन्ही सूर वेगळे ऐकू येत नव्हते, त्यांच्या मधे कुठेतरी तिसराच काहीतरी ऐकू येत होता. लांब सूर हवा असेल तिथे तोच स्वर वरच्या सप्तकात हलक्या ठोक्यांनी, तारच्या नखीसारखा. आणि पेडल अर्धवट दाबून, म्हणजे आधीच्या सुराची सावली पुढच्यावर पडेल पण चिखल होणार नाही. उतरताना तो चार-पाच स्वरांची लड एका दमात सांडून द्यायचा, शेवटचा स्वर मात्र जागेवर. मींड नव्हती. मींड ऐकू येत होती.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती तिसऱ्या चिजेत दिसली. रागाला जसे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर, नसतात तसे मुगामलाही नसतात. एकच धागा चालतो. जॅझ उभं राहतं ते कॉर्डांवर. चहारगाहच्या विस्तारात या पोराने कॉर्ड जपून ठेवले होते, वाक्य संपलं की तिथेच एक द्यायचा, आंबटगोड, आणि हात उचलायचा. तिसऱ्या चिजेत मात्र प्रत्येक स्वराखाली कॉर्ड, वर तुफान वेग. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला नाही आवडलं. धागा दिसेनासा झाला, नुसती तयारी दिसली. आपल्याकडेही द्रुत तराण्यात हेच होतं आणि टाळ्या तिथेच पडतात.

चौथी चीज सहा मात्रांची. इथल्या नाचगाण्यांचा हा आवडता ताल. ड्रमवाला काड्या न घेता तळहातांनी आणि बोटांच्या टोकांनी वाजवत होता, गावलचा बोल काढत होता. भाचा टेबलावर दादरा धरून बसला. लहानपणी तबल्याच्या क्लासमधून पळून आलेला हाच तो.

मध्यंतरात मी त्याला देवलांची गोष्ट सांगितली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात यांनी बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरजागांचं, गणित मांडलं. अब्दुल करीम खांसाहेब गायचे आणि देवल मोजायचे. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमेंट्स यांना तो नाद लागला. दोघांनी मिळून श्रुतींची पेटी करवून घेतली, बाराच्या जागी जास्त स्वर असलेली. काम अचाट होतं. पण ती वाजवणार कोण? गवयांनी घेतली नाही, पेटीवाल्यांनी तर नाहीच. आम्ही आपले बारा पट्ट्यांवरच चालवत राहिलो, टोमणे खात.

"म्हणजे सांगलीने पट्ट्या वाढवल्या," भाचा म्हणाला, "आणि याने बोटं वाढवली."

पोरगं हुशार आहे. इथेही बाराच्या चौकटीचा निर्णय एका माणसाने घेतला होताच. उझेयिर हाजिबेयोव, १९०८ मध्ये बाकूत मुगामवर आधारलेला पहिला ऑपेरा उभा करणारा. याने १९४५ मध्ये इथल्या स्वरपद्धतीचं शास्त्र मांडलं तेच मुळी पाश्चात्त्य बारा स्वरांत बसवून. जाणकारांचं म्हणणं पडतं की त्यात बारीक जागा गेल्या. गेल्याच असतील. पण त्यामुळे संगीतशाळेतल्या पोराला पियानोवर मुगाम वाजवणं हा गुन्हा वाटेनासा झाला, आणि गेलेल्या जागा पुढे वागिफने बोटांनी परत आणल्या. आमच्याकडे देवलांनी शास्त्र सोडायला नकार दिला, वादकांनी सोय सोडायला नकार दिला, आणि दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत. माझं हे म्हणणं सांगलीत कुणाला पटणार नाही, मला माहीत आहे.

पियानोवाला शेजारच्या टेबलावर चहा प्यायला बसला, तेव्हा भाच्याने त्याला गाठलं. मधे भाचा दुभाष्या. मी विचारलं, ही बोटं कुणी शिकवली? तो म्हणाला, बोटं कुणी शिकवली नाहीत. शिक्षकांनी खानंदेची रेकॉर्ड दिली आणि सांगितलं, आधी गा. गळ्यातून निघेपर्यंत पियानोचं झाकण उघडायचं नाही. मी विचारलं, कुठला मुगाम पियानोला जास्त छळतो? तो लगेच म्हणाला, सेगाह. त्याचा मुख्य स्वरच पट्टीच्या किंचित खाली राहतो. तारवर त्याला स्वतःचा पडदा आहे. "पियानोवर तो नाही, म्हणून मी त्याच्या आजूबाजूला फिरत राहतो," असं म्हणून त्याने टेबलावर बोटाने लहानसं वर्तुळ काढलं. मग मला विचारलं, तुमच्या पेटीत तुम्ही काय करता? मी म्हटलं, गवई ती जागा घेतो तेव्हा आम्ही हवा कमी करतो. भाच्याने भाषांतर केल्यावर तो इतका हसला की बासवाला बघायला आला.

उत्तरार्ध सेगाहने सुरू केला. मला ऐकवायला केला की आधीच ठरलेला होता, देव जाणे. तो स्वर त्याने शेवटपर्यंत एकदाही सरळ वाजवला नाही. वरून आला, खालून आला, कॉर्डमधे लपवला, बासवाल्याकडे सोपवला. उभ्या बासला पडदे नसतात, त्याने बोट सरकवून नेमक्या जागी नेऊन ठेवला, आणि कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने दाद दिली, "साग ओल!" जिओ, वा, शाबास, जे म्हणायचं ते. मग 'अझिझाच्या प्रतीक्षेत'. बुधवारी ऐकलेलं कानात ताजं होतं, त्यामुळे याने कुठे पाय मागे घेतला तेही समजलं. वागिफच्या उजव्या हातात जी खेळकर घाई आहे ती याच्याकडे नाही, हा जास्त विचार करून वाजवतो. शेवटाला लोक उभे राहिले. पुढची नात केव्हाच आजीच्या मांडीवर झोपली होती.

बाहेर आलो तर एक वाजून गेलेला आणि खझरी चिडलेला.

शनिवार

सकाळी टॅक्सी करून वर फख्री खियाबानला, म्हणजे मानाच्या दफनभूमीत गेलो. हाजिबेयोव तिथे आहेत, संगीतकार गारा गारायेव आहेत, आपल्याकडे येऊन गायलेले रशीद बेहबुदोव आहेत, आणि वागिफ. कबरींवर पुतळे, ताजी फुलं, झाडांची रांग. बाकूत गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला राजकारण्याच्या शेजारी जागा मिळते.

मेट्रोनं परतताना भाच्याने आणखी एक नाव सांगितलं. रफिग बाबायेव, वागिफच्या पिढीतलाच जॅझ पियानोवादक. १९ मार्च १९९४ ला याच मेट्रोत बॉम्बस्फोट झाला, त्यात गेला. पुढच्या पिढ्या मात्र थांबल्या नाहीत. १९८९ साली जन्मलेल्या इस्फार साराबस्कीने एकोणीस वर्षांचा असताना स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोची एकल पियानो स्पर्धा जिंकली. शाहिन नोव्रसलीही आहे. दोघंही ऐका.

दुपारी खरेदी: सुमाक, चेरीचा मुरंबा, बायकोसाठी शाल. चहाचे पेले घेतले, ते हातातल्या पिशवीतून आणावे लागतात. गालिचा घेणार असाल तर दुकानदाराकडून तो बाहेर नेण्याचा दाखला मागून घ्या, नाहीतर विमानतळावर थांबवतात.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. इथलं चलन 'मनात', एक मनात साधारण पन्नास रुपयांच्या आसपास पडतो. क्लबमधे टेबलाचे पैसे वेगळे आणि खाण्यापिण्याचे वेगळे असू शकतात, आत शिरतानाच विचारा. शुक्रवार-शनिवारी आधी फोन करून टेबल धरा आणि पियानोच्या उजव्या अंगाचं मागा, डावीकडून वादकाची पाठच दिसते. ऑक्टोबरात जमलं तर बघा, त्या सुमारास इथे जॅझ महोत्सव असतो. आणि जायच्या आधी एखादी संध्याकाळ मुगाम नुसता ऐकून घ्या. पियानोवाल्याला मी माझ्या पेटीचं सेगाहसारखं काहीतरी पाठवायचं कबूल केलंय. भाचा रोज आठवण करतोय, आणि मी रोज सांगतोय की भाता दुरुस्तीला टाकलाय.